अश्वांना पाणी पाजणारा सारथी

कर्म हे बंधनाचे कारण आहे आणि तेच मुक्तीचे साधनही आहे, हा श्रीमद्भगवद्गीतेचा सिद्धान्त आपल्या घरोघरी परिचित आहे. परंतु अलीकडे गृहस्थांच्या मुखातून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो आणि तो टाळून पुढे जाणे गीतेच्या अभ्यासकास शोभणारे नाही. प्रश्न असा : "आमचा मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू, दिल्या शब्दाला जागणारा. चांगली नोकरी सोडून त्याने स्वतःचा उद्योग काढला आणि चार वर्षे रात्रीचा दिवस केला. आता तो सकाळी अंथरुणातून उठत नाही, कोणाशी बोलत नाही, ज्या कामासाठी जीव पाखडला त्याचे नाव काढले तरी तोंड फिरवतो. तो कर्मच करीत होता ना? मग कर्मानेच त्याला असे का जाळावे?"

हा प्रश्न ज्या ठिकाणी विशेषेकरून उद्भवतो त्यांपैकी एक म्हणजे बंगळूरच्या दक्षिणेस वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी होय. १९७८ साली कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे केऑनिक्सने, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरु या गावांच्या शिवारात ३३२ एकर जमिनीवर हिची उभारणी आरंभिली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष रा. कृ. बाळिगा यांचे ते स्वप्न होते. १९८१ मध्ये पुण्यात अवघ्या दहा हजार रुपयांच्या भांडवलावर निघालेली इन्फोसिस ही संस्थाही पुढे येथेच नांदू लागली. २०१० साली शहरापासून येथवर सुमारे दहा किलोमीटरचा उंच पूल झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्गही आला. ज्या गावाच्या नावातच 'अग्रहार', म्हणजे अध्ययन करणाऱ्या विद्वानांना दिलेली भूमी, हा शब्द आहे, तेथे आज रात्री दोन वाजताही खिडक्यांतून दिवे जळताना दिसतात. महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून गेलेली आपली कितीतरी मुले त्या दिव्यांखाली बसलेली आहेत. त्यांचे आईवडील दूर गावी देवापुढे निरांजन लावून त्यांचे कुशल चिंतितात. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नव्हे, आपलाच आहे.

संस्कृतातून मराठीत अर्थ आणण्याचे काम ज्याच्या वाट्यास आले आहे, त्याला प्रथम शब्दाशी झटावे लागते. या अवस्थेस हल्ली सर्वत्र 'बर्नआऊट' म्हणतात. हिला 'थकवा' म्हणावे, तर थकवा एका रात्रीच्या झोपेने जातो आणि ही अवस्था जात नाही. 'आळस' म्हणावे, तर आळशी मनुष्य हिच्या वाटेस कधीच जात नाही. योग्य अर्थ आपल्या देवघरातच सापडतो. समईत तेल आहे तोपर्यंत वात प्रकाश देते, कारण जळते ते तेल. तेल संपले की मात्र वातच जळू लागते. तेव्हा प्रकाश मंदावतो, धूर होतो आणि शेवटी काजळी उरते. वातीचा दोष नाही, ज्योतीचाही नाही. तेल घालणाऱ्याने समईकडे पाहिले नाही, एवढाच दोष. गीतेने सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवाऱ्यातील निश्चल दिव्याची उपमा दिली आहे. वारा नसावा हे तर खरेच, परंतु दिवा म्हटला की त्यात तेल हे गृहीतच असते.

आधुनिक शास्त्राचे निरूपणही याहून फार निराळे नाही. १९७४ साली न्यूयॉर्क येथील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचे वर्णन केले, ते विनामूल्य दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्यांना पाहून. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धनाचा लोभ नसला म्हणजे मनुष्य या आगीपासून सुरक्षित राहतोच असे नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिची तीन लक्षणे सांगितली : शक्तीचा ऱ्हास, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. संघटनेने हिला रोग म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा जो ताण दीर्घकाळ नीट आवरला गेला नाही, त्याचा हा परिणाम, असे म्हटले आहे.

आता ही तीन लक्षणे मनात धरून गीतेचा पहिला अध्याय उघडावा. गात्रे गळून जातात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव निसटते, मन भ्रमल्यासारखे होते. विजय नको, राज्य नको, सुखही नको, असे तो म्हणू लागतो आणि अखेर धनुष्य टाकून रथात बसतो. हा कोण? हा भित्रा नव्हे, आळशी नव्हे, अकुशल तर नव्हेच. हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ धनुर्धर. अर्जुनाच्या विषादाचे कारण निराळे होते, त्याच्यापुढे धर्माधर्माचा पेच होता, हे मान्य आहे. तरीपण समर्थ मनुष्यही एखाद्या क्षणी पूर्णपणे खचू शकतो आणि त्या खचण्यापासूनच ज्ञानाचा आरंभ होऊ शकतो, हे व्यासांनी ग्रंथारंभीच मांडून ठेवले आहे.

येथे गृहस्थांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. भगवंतांनी प्रथम अर्जुनाला थोडक्यात फटकारले : हे दौर्बल्य तुला शोभत नाही, ऊठ. परंतु त्या फटकारण्याने अर्जुन उठला काय? नाही. त्याने आपले दुःख पुन्हा सांगितले, शिष्य होऊन शरण आला आणि तरीही "मी लढणार नाही" असे म्हणून गप्प बसला. साक्षात् भगवंतांच्या तोंडचे दोन श्लोकांचे ताडन जेथे पुरे पडले नाही, तेथे "आमच्या वेळी आम्ही किती कष्ट काढले" हे आपले वाक्य कितीसे पुरे पडणार? मग भगवंत किंचित् हसले आणि दुसऱ्या अध्यायापासून शांतपणे, प्रश्नास प्रश्न येऊ देत, बोलत राहिले. खचलेल्या माणसाशी कसे वागावे याचा हा पहिला पाठ आहे.

असो. आता कर्माने मनुष्य का जळतो, या मुख्य प्रश्नाकडे वळू. गीतेचे उत्तर स्पष्ट आहे : कर्माने नव्हे, कर्माच्या रीतीने. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. आसक्ती व रागद्वेष सोडून केलेले नियत कर्म ते सात्त्विक. फलाच्या लालसेने किंवा अहंकाराने, पुष्कळ ओढाताण करून केलेले ते राजस. तामस कर्माचे लक्षण मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. परिणाम, हानी व हिंसा यांचा आणि आपल्या पौरुषाचा, म्हणजे सामर्थ्याचा, विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस, असे भगवान सांगतात. तमोगुण म्हणजे केवळ लोळत पडणे, अशी आपली समजूत असते. परंतु स्वतःची शक्ती किती आहे हे न पाहता अंगावर ओढून घेतलेला अखंड उद्योगही गीतेच्या दृष्टीने तमोगुणाच्याच पदरात पडतो. बाहेरून तो कितीही तेजस्वी दिसो.

याला जोडून सतरावा अध्याय पाहावा. शास्त्राने न सांगितलेले घोर तप जे दंभाने व अहंकाराने करतात, ते शरीरातील भूतसमुदायाला आणि अंतर्यामी वसणाऱ्या भगवंतालाही क्लेश देतात, आणि त्यांचा निश्चय आसुरी होय, असे तेथे म्हटले आहे. चार तासांची झोप, डब्यातले थंड अन्न, आजारपणातही बंद न होणारा संगणक, आणि वर त्याची फुशारकी, हे या युगाचे घोर तपच नव्हे काय? अशा तपाचे कौतुक समाज करतो, म्हणून ते सात्त्विक ठरत नाही.

कोणी अशी शंका घेईल की, हा सगळा उपदेश दुबळेपणाला पांघरूण घालणारा आहे. गीता तर कर्मयोगाचा ग्रंथ. लोकमान्यांनी आपल्याला अखंड कर्म शिकविले, विश्रांती नव्हे. शंका योग्य आहे, म्हणून लोकमान्यांचेच चरित्र पाहू. डेक्कन कॉलेजात प्रवेश केल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून व्यायामात घालविले, शरीर कमाविले. पुढील चाळीस वर्षांच्या झुंजीचे तेल त्यांनी त्या एका वर्षात समईत घातले. मंडालेच्या तुरुंगात १९१० – ११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इतका मोठा ग्रंथ अवघ्या काही महिन्यांत लिहून झाला, परंतु त्यामागे अनेक वर्षांचे मुरलेले चिंतन होते. लोकमान्यांचा कर्मयोग म्हणजे शरीराची उपेक्षा नव्हे. साधन शाबूत ठेवल्याशिवाय साध्य हाती येत नाही, हा त्यातील पहिला नियम आहे.

दुसरी शंका तासांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास सत्तर तास काम करावे असे मत मांडले आणि त्यावर देशभर वाद झाला. राष्ट्र परिश्रमावाचून उभे राहत नाही, हा त्यातील भाव कोणीही नाकारणार नाही. परंतु शरीराचाही एक हिशेब असतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्यास पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पंचावन्न वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. गीतेने तासांचा आकडा दिलेला नाही, माप दिले आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति निजणाऱ्याला नाही, तसा सदा जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती ही ज्याची 'युक्त' आहेत, त्याचाच योग दुःखाचा नाश करतो. कर्माच्या बाबतीतही 'युक्त' हाच शब्द भगवंतांनी योजिला आहे, हे विसरू नये.

परंतु या सर्व वचनांना भगवंतांनी स्वतःच्या आचरणाने केलेले एक भाष्य आहे. ते द्रोणपर्वात सापडते. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यूच्या वधानंतर अर्जुनाने प्रतिज्ञा केली होती की, सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन. आजचे उद्योजक मुदतीच्या नावाने घाबरतात. याहून कडक मुदत ती कोणती? दिवस कलू लागला, जयद्रथ अजून दूर, भोवती शत्रुसैन्याचा समुद्र. अशा वेळी अर्जुनाच्या ध्यानात आले की, रथाचे घोडे बाणांनी विद्ध झाले आहेत, थकले आहेत. त्याने श्रीकृष्णांना विचारले, आता काय करणे हिताचे? घोडे सोडावे आणि त्यांच्या अंगातील बाण काढावे, असे मला वाटते. भगवान म्हणाले, माझेही मत तेच आहे.

मग अर्जुन रथाखाली उतरला आणि भूमीवर उभा राहून एकट्याने साऱ्या सैन्याला थोपवू लागला. घोड्यांना प्यायला पाणी नव्हते, तेव्हा त्याने अस्त्राने भूमी फोडून सरोवर निर्माण केले आणि बाणांचे एक घर उभारले. जगाचा नियंता त्या घरात शांतपणे घोड्यांचे जू सोडतो, आपल्या हातांनी एकेक शल्य उपटून काढतो, त्यांचे अंग चोळतो, त्यांना पाणी पाजतो, न्हाऊ घालतो, चारा देतो. घोड्यांचा श्रम गेल्यावरच पुन्हा रथ जोडला जातो, आणि त्याच रथातून सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पूर्ण होते.

कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. ते रूपक येथे लावून पाहावे म्हणजे या कथेचे मर्म उलगडते. जी बुद्धी केवळ चाबूक ओढणे जाणते, ती सारथी नव्हे. घोडे केव्हा सोडावे हे जिला कळते, तीच खरी सारथी. या प्रसंगातून चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट : विश्रांती ही कार्य संपल्यानंतरचे बक्षीस नव्हे, ती कार्याचाच भाग आहे. "एवढा हप्ता फिटू दे, एवढे काम हातावेगळे होऊ दे, मग झोपेन," असे म्हणणाऱ्याचे काम कधीच हातावेगळे होत नाही. अर्जुनाने सूर्यास्ताची वाट पाहिली नाही.

दुसरी गोष्ट : थकवा मुकाट्याने सोसण्यापेक्षा तो वेळीच बोलून दाखविणे श्रेयस्कर. अर्जुनाने आधी पाहिले आणि मग विचारले. झोप उडणे, लहानसहान गोष्टींवर संताप येणे, प्रियजनांचे बोलणे नकोसे होणे, पूर्वी जे काम तासाभरात होई त्यास दिवस लागणे, ही घोड्यांच्या अंगातील बाणांची चिन्हे आहेत. लेखक, चित्रकार, गायक यांनी तर हे विशेष जपावे, कारण त्यांचे साधन दुसरे काही नसून त्यांचे मनच असते. विहीर रोज उपसली तर चालते, पण रात्रीतून झऱ्यांना भरू दिले पाहिजे.

तिसरी गोष्ट : घोडे सोडायचे तर कोणीतरी मोर्चा सांभाळला पाहिजे. येथे आप्तेष्टांचे आणि भागीदारांचे कर्तव्य येते. मुलाला "विश्रांती घे" असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या दारी येणाऱ्या देणेकऱ्याशी बोलणे, महिनाभर त्याच्या जेवणाचा भार उचलणे, नातलगांच्या प्रश्नांना त्याच्याऐवजी उत्तर देणे, हे बाणांचे घर होय. ते बांधल्यावाचून नुसता उपदेश व्यर्थ आहे.

चौथी गोष्ट : शल्य काढल्याशिवाय पाणी पाजून भागत नाही. आठ दिवस डोंगरावर किंवा समुद्रकाठी जाऊन आलेला मनुष्य परतताच पुन्हा तसाच खचतो, कारण बाण आतच राहिलेला असतो. तो बाण बहुधा एकच असतो : 'सर्व काही माझ्यावर आहे' ही भावना. यावर गीतेचे औषध अठराव्या अध्यायात आहे. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने, विविध चेष्टा आणि दैव. कर्ता हा पाचांतील एक. जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला खरे दिसत नाही, असे भगवान म्हणतात. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण घ्या. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल या समजुतीने शेतकरी आरंभी त्यांचा नांगर घेत नसत. पुढे बेळगावातील जागाही सोडावी लागली. औंधच्या अधिपतींनी आश्रय दिला, तेव्हा १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू शकली. पुरुष तोच, कौशल्य तेच. अधिष्ठान बदलले, दैव अनुकूल झाले, साह्य मिळाले, तेव्हा फळ आले. बेळगाव सोडावे लागले त्या दिवशी त्यांनी स्वतःला अपराधी मानून घेतले असते, तर ते सत्याला धरून झाले नसते.

म्हणून ज्याचा उद्योग बसला, त्याला एवढेच सांगावे : बाळ, पाचांपैकी एक कारण तुझ्या हाती होते. त्यात उणे काय राहिले ते शांतपणे पाहा, उरलेल्या चारांचे ओझे खाली ठेव. देणे प्रामाणिकपणे फेडावे, हाताखालच्या माणसांचे वेतन चुकवू नये, हिशेब उघडा ठेवावा. एवढे करून जर दुकान बंद करावे लागले, तर त्यात अधर्म नाही. कल्याणकारी प्रयत्न करणाऱ्याची दुर्गती होत नाही, हे आश्वासन भगवंतांनी सहाव्या अध्यायात अर्जुनाला 'बाबा' अशा वात्सल्याच्या संबोधनाने दिले आहे.

या अवस्थेतून बाहेर येण्याचा क्रमही पाहावा. प्रथम निद्रा आणि आहार यांच्या वेळा बांधाव्या, कारण ग्लान शरीरात विवेक टिकत नाही. रात्री ठरल्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. रोज थोडे चालावे. सप्ताहातून एक दिवस असा राखावा की ज्या दिवशी धंद्याचा विषय घरात निघणार नाही. एकादशीचा नेम पाळणाऱ्या आपल्या समाजाला हे अपरिचित वाटू नये. मग एखादे लहान काम, ज्यातून पैसा किंवा कीर्ती मिळणार नाही असे, हाती घ्यावे : अंगणातील झाडांना पाणी, नातवंडांना गोष्ट, देवाच्या निर्माल्याची व्यवस्था. फळावाचून केलेल्या कामातील गोडी मनाला पुन्हा चाखू द्यावी. धैर्य आणि उत्साह ही दोन्ही सात्त्विक कर्त्याची लक्षणे गीतेने एकत्र सांगितली आहेत. ती दोन्ही परतू लागली म्हणजे रथ हळूहळू जोडावा, एकदम चौखूर उधळू नये.

आणि जेथे उदासीनता आठवडेच्या आठवडे हटत नाही, किंवा जगणेच नको असे शब्द तोंडून निघू लागतात, तेथे पारायण आणि अंगारा यांवर विसंबून राहू नये. वैद्याकडे जाणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही, शल्य काढणे हे भगवंतांनी स्वतः केलेले काम आहे. बंगळूरमध्येच निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या टेली मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, आपल्या भाषेत साह्य मिळते. हा क्रमांक पंचांगाशेजारी लिहून ठेवावा.

तात्पर्य, "कर्माने माझ्या मुलाला का जाळले?" या प्रश्नाचे उत्तर असे की, कर्माने जाळले नाही. तेल संपल्याचे कोणी पाहिले नाही, म्हणून वात जळली. आता त्याला दोष देऊ नये आणि कर्मालाही देऊ नये. काही काळ आपण मोर्चा सांभाळावा आणि त्याचे घोडे सोडू द्यावे. ज्या हातांनी सुदर्शन धारण केले, त्याच हातांना घोड्यांच्या अंगावरची धूळ झाडताना कमीपणा वाटला नाही. तो सारथी प्रत्येक श्रांत जीवाच्या बुद्धीत जागा राहो आणि थांबण्याच्या क्षणी थांबण्याचे, उठण्याच्या क्षणी उठण्याचे बळ देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥